पिंपावरची तारीख

मे महिना सरत आला की मांद्रे, आश्वे, हरमलच्या किनाऱ्यावरचे शॅक उतरवायला घेतात. बांबू, झापे, खाटा, छत्र्या, फ्रिज टेंपोत चढतात. पुढच्या हंगामात जिची किंमत आहे ती वस्तू कुणाच्या तरी पडवीत जाते, जिला भंगाराचा भाव आहे ती भंगारवाल्याकडे. या दोन्ही वाटांनी न जाणारे सामानही थोडेथोडके नसते. जनरेटरमधून काढलेल्या काळ्या ऑईलचे कॅन, तळाशी थिनर उरलेले रंगाचे डबे, जुन्या ट्यूबलाईट, इन्व्हर्टरची फुगलेली बॅटरी, गेस्ट हाऊसच्या तरणतलावासाठी आणलेली आणि ओल धरून गोळा झालेली क्लोरीनची पावडर. हे सगळे मागच्या अंगाला, एखाद्या माडाच्या बुंध्याशी, ‘मागाहून बघू’ म्हणून ठेवले जाते. आठवड्या-दोन आठवड्यांत मृग लागतो.

यातले काही सरळसरळ घातक कचऱ्यात मोडते, तर काही ई-कचरा, बॅटरी किंवा घरगुती घातक कचरा या जवळच्या नियमांखाली येते. असा कचरा जिथे तयार झाला तिथेच काही काळ ठेवायची मुभा कायदा देतो. प्रत्येक गॅरेजच्या दारात रोज गाडी येऊ शकत नाही, हे कायदा करणाऱ्यांनाही ठाऊक आहे. पण ही मुभा किती दिवसांची, कोणत्या अटींवर आणि मुदत सरल्यावर काय, याची उत्तरे तुयेच्या औद्योगिक वसाहतीत एक असतात, डिचोलीच्या खाणीवरच्या वर्कशॉपमध्ये दुसरी आणि मांद्र्याच्या भाड्याच्या बंगल्यात तर बहुधा प्रश्नच कुणी विचारलेला नसतो.

देशातला आज लागू असलेला मुख्य दस्तऐवज म्हणजे ४ एप्रिल २०१६ रोजी अधिसूचित झालेले घातक व इतर कचरा नियम. त्यांची वंशावळ भोपाळपर्यंत जाते. डिसेंबर १९८४ च्या वायुकांडानंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला, त्याखाली जुलै १९८९ मध्ये घातक कचऱ्याचे पहिले नियम आले. त्यात कचऱ्याचे अठरा वर्ग होते आणि प्रत्येक वर्गाला वर्षाकाठी इतक्या किलोंच्या वर, अशी मर्यादा होती. २००८ मध्ये नियम नव्याने लिहिले गेले, २०१६ मध्ये पुन्हा. प्रत्येक वेळी शब्द वाढले, नमुने वाढले. साठवणीचा गाभा मात्र फारसा हलला नाही.

२०१६ च्या नियमांत साठवणीची व्याख्या एका वाक्याची आहे. कचरा तात्पुरत्या काळासाठी ठेवणे, ज्या काळाच्या शेवटी त्यावर प्रक्रिया होईल किंवा त्याची विल्हेवाट लागेल, ती साठवण. या वाक्याचे दोन भाग आहेत आणि आपल्याकडे सगळी चर्चा पहिल्या भागावर, म्हणजे दिवसांवर होते. दुसरा भाग म्हणजे पुढे जाण्याची वाट. ती वाट नसेल तर नव्वद दिवस, एकशे ऐंशी दिवस आणि चाळीस वर्षे यांतला फरक केवळ वहीतला उरतो. गेल्या तीन-चार दशकांतली आपल्याकडची मोठी प्रकरणे पाहिली तर ती मुदत मोजण्यातल्या चुकीने घडलेली दिसत नाहीत. वाट बंद होती म्हणून ती घडली.

आधी दिवसांचा हिशेब. नियम ८ म्हणतो की कचरा निर्माण करणारा भोगवटादार, पुनर्वापर करणारा, पूर्वप्रक्रिया वा सहप्रक्रिया करणारा आणि विल्हेवाट केंद्राचा चालक, कुणीही घातक कचरा ९० दिवसांपेक्षा जास्त ठेवू नये. किती साठला, कुणाला दिला, कुठे गेला याची नोंद ठेवावी आणि तपासणीला आलेल्यासमोर ती ठेवावी. राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ ही मुदत वाढवू शकते. वर्षाला दहा टनांपर्यंत कचरा करणाऱ्या लहान उत्पादकाला १८० दिवसांपर्यंत. कचऱ्याचा प्रत्यक्ष वापर करणाऱ्याला आणि विल्हेवाट केंद्रालाही तितकीच. कचऱ्यातून काही उपयोगी काढण्याची पद्धत अजून विकसित होत असेल तर त्या कारणासाठी. अन्य सबळ कारण असेल तर पुन्हा १८० दिवसांची कमाल मर्यादा. आणि राज्यात विल्हेवाट केंद्रच उपलब्ध नसेल तर त्या कारणासाठी.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की लहान उत्पादकाची वाढीव मुदत आपोआप मिळत नाही. ‘मंडळ वाढवू शकते’ अशी भाषा आहे. म्हणजे अर्ज हवा, आदेश हवा. वर्षाला दोन-तीनशे लिटर जुने ऑईल काढणारे गॅरेज ‘आपण लहान, आपल्याला सहा महिने’ असे धरून चालते, तेव्हा ते कायद्याच्या आधाराशिवाय चालत असते.

दुसरी अडचण अधिक बारीक. नव्वद दिवस कधीपासून मोजायचे? पिंपात पहिला थेंब पडला तेव्हापासून, की पिंप भरले त्या दिवसापासून? नियम ८ याबाबत गप्प आहे. पिंपावर लावायच्या लेबलच्या नमुन्यात ‘साठवणीची तारीख’ अशी ओळ आहे, पण ती कोणती तारीख, हे लिहिणाऱ्याच्या समजुतीवर. दोनशे लिटरचे पिंप भरायला छोट्या कारखान्याला चार महिने लागत असतील तर पहिल्या अर्थाने तो दर वेळी मुदत मोडतो आणि दुसऱ्या अर्थाने कधीच नाही. तपासणीच्या वेळी होणारे वाद बऱ्याचदा इथेच अडकणार, हे उघड आहे.

अमेरिकेने हा पेच सोडवायचा प्रयत्न केला आहे. तिथला १९७६ चा कायदा आणि त्याखालचे नियम उत्पादकांची प्रतवारी करतात. महिन्याला हजार किलो किंवा त्याहून अधिक घातक कचरा करणारा मोठा, त्याला ९० दिवस. शंभर ते हजार किलोंमधला लहान, त्याला १८० दिवस. आणि विल्हेवाटीची जागा दोनशे मैलांपलीकडे असेल तर २७० दिवस. शिवाय यंत्राच्या अगदी शेजारी, कामगाराच्या नजरेखाली, ५५ गॅलनपर्यंत, म्हणजे साधारण एका पिंपाइतका कचरा ठेवला तर तोवर घड्याळ सुरू होत नाही. पिंप भरून वर गेले की तारीख टाकायची आणि तीन दिवसांत मुख्य साठवण खोलीत न्यायचे, तिथून दिवस मोजायचे. युरोपीय संघाचा रोख वेगळा. तिथला भराव-क्षेत्रांचा कायदा म्हणतो की विल्हेवाटीआधी एक वर्षाहून अधिक किंवा पुनर्प्राप्तीआधी तीन वर्षांहून अधिक कचरा पडून राहिला तर ती जागा भराव-क्षेत्रच समजावी आणि भराव-क्षेत्राचे सगळे नियम तिला लावावेत. ‘तात्पुरते’ म्हणत राहणाऱ्याला यात पळवाट उरत नाही. भारतीय नियमांनी यातला आकडा घेतला, पण आकड्याला अर्थ देणारी अशी सोय घेतली नाही, असे म्हणायला जागा आहे.

आता जागेचा विचार. गोव्यात तोच जास्त महत्त्वाचा, कारण इथे वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. जमीन जांभ्याची. जांभा सच्छिद्र, वर सांडलेले खाली विहिरीत उतरायला वेळ लागत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जाळून नष्ट करायच्या कचऱ्याच्या साठवणीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. त्या मुळात सामाईक केंद्रे आणि स्वतःची भट्टी असलेले कारखाने यांच्यासाठी आहेत, पण चांगली साठवण कशी असते याचा तोच हाताशी असलेला मापदंड. पिंपे थेट जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर, एकावर एक तीनपेक्षा जास्त नाहीत. दोन-दोन रांगांनंतर एक मीटरची मोकळी वाट, म्हणजे कुठले पिंप गळते आहे ते दिसेल. जमीन काँक्रीटची किंवा पोलादी पत्र्याची, कचऱ्याशी अभिक्रिया न करणारी. तिला उतार, उताराच्या शेवटी सांडलेले गोळा करायचा खड्डा. बाहेरचे पावसाचे पाणी आत येऊ नये आणि फरशीची पातळी पुराच्या सर्वोच्च पातळीपेक्षा किमान दीडशे मिलिमीटर वर. आग लागली तर बाहेर पडायला निदान दोन वाटा.

हे वाचून कुणालाही वाटेल की यात अवघड काय आहे. अवघड आहे ते छप्पर. डिचोली-पेडण्यातल्या छोट्या वर्कशॉपमध्ये पत्र्याची शेड असते, पण ती यंत्रांसाठी आणि कच्च्या मालासाठी. कचऱ्याच्या वाट्याला येतो तो शेडच्या मागचा कुंपणालगतचा कोपरा. वर ताडपत्री. जूनमधल्या पहिल्या वाऱ्यात ताडपत्री उडते, पिंपाच्या झाकणावर पाणी साचते, झाकण नीट बसलेले नसते, पाणी आत जाते, ऑईल हलके म्हणून वर येते आणि काठावरून बाहेर पडते. या अपघाताला स्फोट लागत नाही की निष्काळजी कामगारही लागत नाही. एक जोरदार सर पुरते.

एकत्र काय ठेवायचे नाही, हा साठवणीतला दुसरा मोठा धडा. सायनाइड असलेला प्लेटिंगचा द्रव आणि आम्ल शेजारी ठेवले, दोन्ही गळले, तर हायड्रोजन सायनाइड वायू तयार होतो. कारखान्यांना हे बहुधा माहीत असते. तरणतलाव असलेल्या हॉटेलांना माहीत असेलच असे नाही. तलावाच्या क्लोरीनवर टाइल धुण्याचे आम्ल पडले तर क्लोरीन वायू सुटतो. तीच पावडर ब्रेक ऑईल किंवा ग्रीससारख्या पदार्थात मिसळली तर आग लागू शकते. मांद्रे-आश्वेच्या पट्ट्यात गेल्या पंधरा-वीस वर्षांत तरणतलाव वाढले, आणि तलावाचे क्लोरीन, फिनेलचे कॅन, जनरेटरचे ऑईल आणि गॅसचे सिलिंडर एकाच कोठडीत ठेवण्याची सवयही त्यांच्याबरोबर आली.

लेबलबद्दल नियम बारकाईने बोलतात. पार्श्वभूमी चमकत्या पिवळ्या रंगाची. ‘घातक कचरा’ आणि ‘जपून हाताळा’ हे शब्द लाल, ठळक, हिंदी, इंग्रजी आणि स्थानिक भाषेत. लेबल पाण्याने न धुतले जाणारे, हवामानाला टिकणारे. त्यावर कचऱ्याचा वर्ग, गुणधर्म, प्रमाण, साठवणीची तारीख, पाठवणारा, घेणारा, संकटात फोन कुणाला करायचा. गोव्यात ‘स्थानिक भाषा’ कोणती यावर दोन दिवस वाद घालता येईल. पण पिंप उचलणारा कामगार अनेकदा ओडिशा, बिहार, झारखंड किंवा उत्तर कर्नाटकातून आलेला असतो आणि त्याला यातली एखादीच भाषा वाचता येते, किंवा तीही नाही. चित्रखुणा त्याच्या जास्त कामाच्या.

आता त्या दुसऱ्या भागाकडे, वाटेकडे. गोव्यात घातक कचऱ्याचे स्वतःचे सामाईक केंद्र बराच काळ नव्हते. तोवर औषध कारखान्यांचा टाकाऊ रासायनिक अवशेष, सांडपाणी प्रक्रियेचा गाळ, मुदत संपलेली उत्पादने राज्याबाहेरच पाठवावी लागत. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी येथे अशी केंद्रे आधीपासून होती. पण विल्हेवाटीसाठी दुसऱ्या राज्यात कचरा न्यायचा तर दोन्ही राज्यांच्या मंडळांचा ना हरकत दाखला लागतो. पुनर्वापरासाठी किंवा सिमेंटच्या भट्टीत सहप्रक्रियेसाठी न्यायचा तर नुसती पूर्वसूचना पुरते. नियमांची इच्छा इथे स्वच्छ दिसते: पुरण्यापेक्षा वापरा. पण दाखले येईपर्यंत पिंपे कारखान्यातच राहतात, आणि नव्वद दिवसांचे घड्याळ मंडळाच्या टेबलावरच्या फायलीसाठी थांबत नाही. राज्यात केंद्र नसलेल्यांना मुदतवाढ देणारे नियम ८ मधले कलम गोव्यासारख्या छोट्या राज्यांच्या उपयोगाचे होते ते यामुळेच.

पुढे गोवा कचरा व्यवस्थापन महामंडळाच्या पुढाकाराने सत्तरीतल्या पिसुर्ले येथे सामाईक प्रक्रिया, साठवण आणि विल्हेवाट केंद्र उभे राहिले. पिसुर्ले हे खाणींनी आधीच पोखरलेले गाव. तिथे आणखी एक ओझे का, हा प्रश्न गैरवाजवी नाही. पण केंद्र झाल्यामुळे एक सबब संपली. पेडण्याच्या टोकाहूनही एका दिवसात जाऊन येण्याजोग्या अंतरावर अधिकृत जागा आहे. आता अडतो तो व्यवहार. केंद्राची गाडी दहा टनांसाठी आनंदाने येते. दोन पिंपांसाठी ती येणे कुणालाच परवडत नाही. मग छोटा उत्पादक दोनाचे चार, चाराचे आठ होण्याची वाट पाहतो, आणि तोवर मुदत उलटून गेलेली असते. दूध गोळा करणारी गाडी जशी गावागावातून ठरलेल्या वेळी फिरते, तशी महिन्यातून एकदा वसाहतींमधून आणि किनाऱ्यावरून फिरणारी गाडी हा यावरचा साधा उपाय. तो अमलात आणायला नवा कायदा लागत नाही.

वाट बंद झाली की काय होते याचे गोव्यातले उदाहरण कुंकळ्ळीचे. तिथल्या औद्योगिक वसाहतीतला सनराईज झिंक हा जस्ताचा कारखाना बंद पडला आणि त्याच्या आवारात जस्त-शिसेयुक्त कचरा मागे राहिला. कारखाना चालू असताना तो कचरा ‘साठवलेला’ होता. मालक गेला, वीज गेली, पहारा गेला, छप्पर गेले. कचरा वर्षानुवर्षे तिथेच राहिला आणि आजूबाजूच्या माती-पाण्याची काळजी कुंकळ्ळीकरांच्या वाट्याला आली. पर्यावरणाच्या कायद्यांना चालू कारखान्याला नोटीस द्यायची चांगली सवय आहे. बंद कारखान्याला नोटीस कुणाच्या हातात द्यायची, इथे ते अडखळतात.

राजस्थानात उदयपूरजवळच्या बिछडीत याहून वाईट झाले. एच-आम्ल बनवणाऱ्या कारखान्यांचा सुमारे २,४४० टन गाळ उघड्यावर टाकला गेला, पावसाने तो जमिनीत मुरला, विहिरींचे पाणी लालसर झाले. १३ फेब्रुवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषकानेच भरपाई द्यावी असा निकाल दिला. वसुलीचे खटले त्यानंतरही दीड दशक चालले. आणि भोपाळ. युनियन कार्बाईडच्या आवारात उरलेला ३३७ टन कचरा पिंपात-पोत्यात बांधून वर्षानुवर्षे पडून होता. १ जानेवारी २०२५ च्या रात्री तो बारा कंटेनरमधून पीथमपूरला निघाला आणि त्याच वर्षी जूनअखेर जाळून संपला. दुर्घटनेला तेव्हा चाळीस वर्षे उलटली होती. मधल्या काळात त्याला जागा देणारे कुणी सापडत नव्हते. गुजरातपासून जर्मनीपर्यंत विचारणा झाली होती.

या सगळ्याचा एक उशिराचा परिणाम म्हणजे जुलै २०२५ मध्ये केंद्राने काढलेले दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम. दूषित जागा शोधायची, तपासायची, जबाबदार कोण ते ठरवायचे आणि स्वच्छतेचा खर्च त्याच्याकडून घ्यायचा, अशी त्यांची रचना आहे. कुंकळ्ळीसारख्या जागांना त्यांचा किती उपयोग होतो ते दिसेलच.

डिचोली तालुक्यात हा विषय एका वेगळ्या वळणावर येतो. शिरगाव, मुळगाव, मये, पिळगाव या गावांना ‘कचरा’ म्हटले की पिंप आठवत नाही, डोंगराएवढे टाकाऊ मातीचे ढीग आठवतात. पण २०१६ च्या नियमांनी खाणींच्या शुद्धीकरणाचा गाळ आणि धुऊन उरलेले टाकाऊ खनिज घातक कचऱ्याच्या वर्गातून वगळले आहे. राख, फॉस्फोजिप्सम, लाल गाळ यांच्यासारखा ‘प्रमाण मोठे, परिणाम कमी’ असा हा कचरा, त्यासाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वे असतील, असा युक्तिवाद. पावसाळ्यात शेतात उतरणाऱ्या तांबड्या गाळाने ज्यांची वायंगण शेती गेली, त्यांना ‘परिणाम कमी’ हे शब्द पटणे कठीण. तरीही कायद्याची रेषा ती आहे. गंमत अशी की त्याच खाणीवरच्या वर्कशॉपमध्ये डंपरचे काढलेले इंजिन ऑईल, फिल्टर, ऑईल पुसलेल्या चिंध्या आणि बॅटऱ्या यांना मात्र नियम लागू. डोंगर मोकळा, कॅन नियमात.

खाणी बंद-चालू होण्याच्या फेऱ्यातही साठवणीचा प्रश्न दडला आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, पाठोपाठ ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने. एप्रिल २०१४ मध्ये अटींवर वाट मोकळी झाली, आणि ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ पट्टे रद्द ठरून मार्चमध्ये पुन्हा सामसूम. उद्योग असा एका रात्रीत थांबतो तेव्हा वर्कशॉपमधल्या पिंपांकडे पाहायला पगारी माणूस राहत नाही. नव्वद दिवसांचा नियम गृहीत धरतो की कारखाना उद्याही चालू असेल.

आगीचा धडा पिळर्णने दिला. १० जानेवारी २०२३ रोजी तिथल्या औद्योगिक वसाहतीत रंग बनवणाऱ्या कारखान्याला लागलेली आग दुसऱ्या दिवशीही धुमसत होती. धुराचे लोट दूरवरून दिसत होते आणि शेजारच्या वस्तीला घर सोडावे लागले. जळाला तो मुख्यतः कच्चा माल आणि तयार माल. पण आग विझली की हिशेब बदलतो. अर्धवट जळालेली पिंपे, द्रावक मिसळलेले आग विझवायचे पाणी, रंगद्रव्यांची राख हे सगळे त्या क्षणापासून कचरा, आणि त्याच्यासाठी तयार फरशी, खड्डा, छप्पर कुणीच बांधलेले नसते. अपघात झाला की ताबडतोब मंडळाला ठरलेल्या नमुन्यात कळवा, असे नियम सांगतो. अपघातातून निर्माण झालेला कचरा कुठे ठेवायचा याचा आराखडा आधीच असावा, एवढी साधी गोष्ट बहुतेक आपत्कालीन योजनांच्या कागदांत सापडत नाही.

पेडणे तालुका आता नुसता शेतीचा आणि किनाऱ्याचा राहिलेला नाही. तुयेची औद्योगिक वसाहत आणि तिथेच आखलेली इलेक्ट्रॉनिक सिटी. डिसेंबर २०२२ मध्ये उद्घाटन झालेला आणि जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागलेला मोपाचा विमानतळ. धारगळचे आयुर्वेद रुग्णालय. प्रत्येकाचा कचरा वेगळा आणि प्रत्येकाचे घड्याळही वेगळे. रुग्णालयातला प्रक्रिया न केलेला शारीरिक व रक्ताने माखलेला कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. ई-कचऱ्याला १८० दिवस. घातक कचऱ्याला ९०. या तिन्ही गोष्टी एकाच इमारतीत असू शकतात, आणि असतातही.

मोठ्या संस्थांकडे निदान पर्यावरण अधिकारी असतो. मांद्र्याच्या रस्त्याकडेच्या गॅरेजचे काय? भाड्याच्या स्कूटरींचा धंदा इथे मोठा. शेकडो स्कूटरींचे ऑईल हंगामात बदलले जाते. नियमांच्या व्याख्येत वापरलेले इंजिन ऑईल नावानिशी आहे. प्रत्यक्षात त्यातले काही भंगारवाल्यामार्फत विकले जाते, काही सेंट्रिंगच्या प्लेटांना लावायला बांधकामावर जाते, काही वाळवी लागू नये म्हणून दारांच्या चौकटींना. शिवोलीच्या पुलापलीकडे शापोराच्या धक्क्यावर ट्रॉलरांच्या इंजिनांचे ऑईल निघते तेही याच वाटांनी. यात कुणाला आपण काही चुकीचे करतो असे वाटत नाही, उलट काटकसर वाटते. १ एप्रिल २०२४ पासून वापरलेल्या ऑईलसाठी उत्पादकांवर विस्तारित जबाबदारी आली आहे. ऑईल विकणाऱ्या कंपन्यांनी ठरावीक प्रमाणात ते परत प्रक्रियेला जाईल याची हमी द्यायची. ती साखळी गावातल्या गॅरेजपर्यंत पोचली तर हा प्रश्न पोलिसी खाक्याशिवाय सुटू शकेल, कारण काळ्या ऑईलला भाव आहे. भाव असलेला कचरा फार दिवस पडून राहत नाही.

किनाऱ्यावर आणखी एक कचरा येतो, ज्याचा निर्माता गावात नसतो. मे ते सप्टेंबरच्या दरम्यान गोव्याच्या वाळूवर डांबराच्या गोळ्या येऊन पडतात. दोना पावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी त्यांचा अभ्यास करून तेलवाहू जहाजांच्या टाक्या धुतल्याचे पाणी आणि बॉम्बे हायचे तेलक्षेत्र यांच्याकडे बोट दाखवले आहे. किनाऱ्यापासून पाच किलोमीटरपलीकडच्या जहाजांच्या कामकाजातला कचरा या नियमांबाहेर ठेवला आहे. पण तो वाळूत आला, फावड्याने गोळा केला आणि पोत्यात भरला की तेल मिसळलेला कचराच. ती पोती उन्हात वितळतात. ती कुठे ठेवायची, किती दिवस, आणि नोंद कुणाच्या नावे, याला गावाच्या पातळीवर ठरलेले उत्तर नाही.

घरातल्या घातक कचऱ्याला वेगळे नियम आहेत. २०१६ च्या घनकचरा नियमांनी रंगाचे डबे, कीटकनाशकांचे कॅन, सीएफएल आणि ट्यूबलाईट, मुदत संपलेली औषधे, फुटलेले पाऱ्याचे थर्मामीटर, वापरलेल्या बॅटऱ्या, सुया यांना ‘घरगुती घातक कचरा’ असे नाव दिले आणि दर वीस चौरस किलोमीटरला किंवा त्याच्या भागाला एक जमा केंद्र स्थानिक संस्थेने काढावे असे सांगितले. ‘किंवा त्याच्या भागाला’ या शब्दांमुळे छोट्या पंचायतीलाही सुटका नव्हती. गोव्यात उच्च न्यायालयाच्या रेट्याने पंचायतींना सुक्या कचऱ्याच्या शेड बांधाव्या लागल्या. त्या शेडच्या एका कोपऱ्यात काँक्रीटची फरशी, चार इंच उंच कठडा, कुलूपबंद जाळी आणि एक वही एवढे केले तरी हे केंद्र होते. खर्चाच्या मानाने याइतके फायद्याचे काम पंचायतींच्या यादीत क्वचितच असेल.

कागदांचा पसारा या सगळ्याच्या मागे चालू असतोच. प्राधिकारपत्रासाठी एक नमुना, रोजच्या नोंदीसाठी दुसरा, ३० जूनपर्यंत द्यायच्या वार्षिक विवरणासाठी तिसरा, वाहतुकीसाठी वेगवेगळ्या रंगांच्या सात प्रतींचा मॅनिफेस्ट. यातली एक प्रत पोचपावती होऊन परत येते. वाट खरोखर संपली की नाही हे सांगणारा पुरावा तोच. सर्वोच्च न्यायालयाने घातक कचऱ्याच्या याचिकेत प्रा. एम. जी. के. मेनन समितीच्या अहवालाच्या आधारे १४ ऑक्टोबर २००३ रोजी जे आदेश दिले, त्यांत एक फार उपयोगी होता: कारखान्याच्या मुख्य फाटकाबाहेर फलक लावा, आत कोणती घातक रसायने वापरली जातात, किती घातक कचरा तयार होतो ते लोकांना वाचता येऊ द्या. असे फलक अनेक वसाहतींत दिसतात. त्यातले आकडे कितीदा बदलले जातात, ते रंगाच्या जुनेपणावरून कळते.

आणि कागद पोकळ असेल तर काय होते ते नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस उल्हासनगरने पाहिले. एका टँकरने वालधुनी नदीत रसायन ओतले आणि काठावरचे शेकडो लोक श्वास कोंडून रुग्णालयात गेले. टँकर रात्री रिकामा करणे हाही साठवण रिकामी करण्याचाच एक मार्ग. तो स्वस्त का पडतो, याचे उत्तर अधिकृत वाटेच्या खर्चात आणि उशिरात शोधावे लागते. शिक्षेची बाजूही बदलली आहे. जनविश्वास कायद्यानंतर, १ एप्रिल २०२४ पासून पर्यावरण संरक्षण कायद्यातली तुरुंगवासाची तरतूद जाऊन दहा हजार ते पंधरा लाख रुपयांचा दंड आला. खटला वर्षानुवर्षे रेंगाळण्यापेक्षा दंड लवकर बसेल हा हेतू. मोठ्या कारखान्याला पंधरा लाख ही रक्कम किती जड, आणि गॅरेजवाल्याला दहा हजार किती, याचे गणित मात्र सारखे नाही.

मांद्र्यापुरता सर्वांत नाजूक मुद्दा मालकीचा. इथल्या जमिनी स्थानिकांच्या, पण गेस्ट हाऊस, कॅफे, योगकेंद्र चालवणारे बहुतेक बाहेरचे. अकरा महिन्यांचा करार, हंगाम संपला की माणूस दिल्लीला, मनालीला किंवा परदेशात. नियमांतली भोगवटादाराची व्याख्या त्या जागेच्या कारभारावर ज्याचा ताबा आहे त्याला धरते, आणि घातक कचऱ्याच्या बाबतीत तो ज्याच्या कब्जात आहे त्यालाही. मे महिन्यात करार संपतो, किल्ल्या जमीनमालकाच्या हाती येतात, आणि मागच्या कोठडीतल्या पिंपांसकट ती कोठडीही. पर्यावरणाचे नुकसान झाले तर जबाबदारी भोगवटादाराची, असे नियम २३ सांगतो. भाडेकराराच्या छापील मसुद्यात वीजबिल, पाणीपट्टी, भिंतीला मारलेले खिळे यांची कलमे असतात. जाताना जनरेटरचे ऑईल, बॅटरी आणि रसायने अधिकृत संकलकाला दिल्याची पावती अनामत रकमेला जोडण्याचे कलम पेडण्यातल्या वकिलांना एका ओळीत लिहिता येईल. ते नसेल तर अनामत परत करून मोकळा झालेला घरमालक जूनच्या पहिल्या दिवशी, स्वतः एक थेंबही न सांडता, कायद्याने त्या पिंपांचा धनी झालेला असतो.